साखर उतरली की बंद

बिभीषणनं न्हाणीची कडी आतून लावली, तशी तानाबाईनं फळीवरचा गुळाचा डबा खाली घेतला. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून त्यावर पदर धरला आणि सुपारीएवढा खडा तोंडात टाकला. चघळत बसायला वेळ नव्हता, करकर चावून गिळला. मग दुसरा. तिसरा जरा मोठाच निघाला, पण ती मागं हटली नाही. तासाभरात तिचं रक्त तपासायचं होतं, तेही उपाशीपोटी, आणि काही झालं तरी आज तिची साखर चढलेली निघायला हवी होती.

“आवरलं का न्हाय?” बिभीषणनं आतून विचारलं.

“हूं.” तोंड भरलेलं असताना माणसाला एवढंच बोलता येतं.

“पानी पी हवं तर. पर खाऊ नगंस कायबी.”

“हूं.”

रिपोर्ट चांगला यावा म्हणून आठवडाभर कारल्याचा रस पिणारी माणसं सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील. रिपोर्ट वाईट यावा म्हणून पहाटे गूळ खाणारी तानाबाई रुपनवर बहुधा एकटीच. बाई काही वेडी नव्हती. टॉवेलच्या कारखान्यात ती वीस वर्षं घड्या घालत होती आणि तिच्या हातच्या घडीचा कोपरा कधी चुकत नसे. वय एक्कावन्न, लेक ऋतुजा कुर्डुवाडीला दिलेली, मुलगा पुण्यात कामाला, घरात नवराबायको दोघंच. अशा बाईला स्वतःची साखर वाढवायची दुर्बुद्धी का झाली, हे कळायला पाच महिने मागं जायला हवं.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की रोज चाळीस मिनिटं व्यायाम करा, नाहीतर गोळ्या वाढवाव्या लागतील. पाण्याच्या टाकीपर्यंत चालून यायचं ठरलं. दोन दिवस ती गेली. तिसऱ्या दिवशी पाणी सुटायचं होतं. आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, आणि त्या सकाळी साक्षात देव दारात आला तरी त्याला आधी हंडा धरायला सांगतात. चौथ्या दिवशी पाय दुखत होते. पाचव्या दिवशी तिनं स्वतःलाच विचारलं, की दिवसभर कारखान्यात उभं राहणाऱ्या बाईनं सकाळी उठून टाकी बघायला कशाला जायचं? उत्तर सापडलं नाही आणि चालणं तिथंच संपलं.

मग शेजारची हेमावती मधे पडली. हेमावती पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी, पंचावन्न वर्षांची आणि अंगानं चांगली भरलेली. तिचं मराठी तिच्यासारखंच ऐसपैस होतं.

“तानाक्का, माझ्याबरोबर ये की. समाजमंदिरापुढं पिंकी झुंबा शिकवतंय. गाणं लावतंय, आपण नुसतं हातपाय हलवायचं. एकदम भारी वाटतंय की!”

तानाबाईनं बिभीषणला विचारलं. तो खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता.

“झुंबा म्हंजे नाचच की त्यो.”

“व्यायाम हाय. डागदरीणबाईनं सांगितलाय.”

“सांगितला असंल तर जा.” त्यानं पेपर खाली केला. “पर साखर उतरली की बंद. आपल्यात बायका नाचत न्हाईत.”

हे तो रागानं म्हणाला नाही, जसं आहे तसं म्हणाला. ते खरंही होतं. नातेपुत्याजवळ त्यांची वस्ती. तिथं बिरोबाच्या जत्रेत गजीचा नाच असायचा. ढोलवाले मध्ये उभे राहायचे आणि त्यांच्याभोवती पांढरे अंगरखे, फेटे घातलेले बाप्ये हातात रंगीत रुमाल घेऊन रिंगण धरायचे. धनगराच्या पोरानं मेंढरं कमी राखली तरी चालेल, पण गजीत पाऊल चुकवू नये अशी तिथली रीत. बायका कडेला उभ्या राहून बघायच्या. बिभीषण म्होरक्या होता. तो ज्या बाजूला वळेल त्या बाजूला चाळीस माणसं वळायची. लग्न होऊन आली तेव्हा तानाबाईला नवरा नीट दिसला तो सासरच्या घरात नव्हे, जत्रेतच. पुढं दोघं सोलापूरला आली, तो टेम्पो चालवायला लागला, तरी जत्रा कधी चुकली नाही.

सोळा वर्षांपूर्वी टेम्पो उलटला. उजव्या गुडघ्यात सळई बसली आणि पाय वाकायचा बंद झाला. तेव्हापासून तो एका गोदामाच्या दारात स्टुलावर बसून राखण करतो. जत्रेला जात नाही. टीव्हीवर ढोल वाजला की उठून चॅनल बदलतो, रिमोट लांब असला तरी उठतो. तानाबाईनं त्यावर कधी प्रश्न केला नाही. काही प्रश्नांची उत्तरं घरातल्या माणसाला न विचारताच ठाऊक असतात.

तर झुंबा सुरू झाला. पहिले पंधरा दिवस म्हणजे नुसती फजिती. ऋतुजाचा जुना पंजाबी ड्रेस घालायचा, आणि तो कुणाला दिसू नये म्हणून ऐन एप्रिलात वरून चादर पांघरायची. पिंकी समोर तोंड करून उभी राहणार आणि तिचा उजवा हात वर गेला की आपला कुठला वर न्यायचा, याचा तानाबाई विचार करी तोवर गाणं पुढं निघून जाई. पन्नास बायका आणि दोन रिटायर मास्तर डावीकडं निघाले की ही एकटी उजवीकडं. ती मोबाईलमध्ये बघून मिनिटं मोजायची. व्यायामच तो, औषधासारखा गिळायचा, असं तिनं मनाला समजावलं होतं.

मग एका रविवारी पिंकीनं कुठूनतरी मिळवलेलं ढोलाचं गाणं स्पीकरवर लावलं.

नेहमीची गाणी सुरू झाली की तानाबाई आधी पिंकीकडं बघायची. त्या दिवशी तिनं बघितलंच नाही. पाय आपोआप उचलला. दोन पावलं पुढं, एक मागं, उजवा हात खांद्यावरून, गिरकी. आणि गजी कधी रांगेत उभं राहून होत नाही, तिला रिंगणच लागतं. तेव्हा ती रांग सोडून सरळ बाहेर निघाली आणि पटांगणात गोल फिरायला लागली. मागच्या हेमावतीला वाटलं, आज नवीन स्टेप आहे. ती हिच्यामागं निघाली. हेमावतीमागं तिची रांग आणि रांगेमागं दोन्ही मास्तर. पिंकीनं वळून बघितलं तर तिच्यासमोर मोकळी जमीन आणि सगळा क्लास तिच्याच भोवती गरगर फिरतोय.

तिनं स्पीकर बंद केला.

“काकू, हे काय होतं?”

तानाबाईला धरणी दुभंगावी असं वाटलं. “काय न्हाय. पाय घसरला.”

“पाय घसरून कुणी असं फिरत नाही, काकू.” पिंकीनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. “परत दाखवा.”

तेव्हापासून रविवारची शेवटची पंधरा मिनिटं तानाबाईची झाली. कारखान्यात विणीत चूक निघालेले नॅपकिन कामगारांना वाटून टाकत, ते तिनं रुमाल म्हणून आणले. लाल, पोपटी, केशरी. हेमावतीला गिरकी जमेना, तिला रिंगणाबाहेर घेऊन चार दिवस शिकवली. तानाबाईला मजा येत होती. असली मजा तिला लहानपणी विहिरीत उडी मारताना आली होती, त्यानंतर थेट आताच. रविवारच्या ओढीनं ती सोमवारीही जायला लागली, मग मंगळवारी, आणि पाणी सुटायच्या दिवशी चारलाच उठून पिंपं भरून ओल्या पायांनी पटांगण गाठायला लागली. चादर केव्हा सुटली ते तिलाही आठवत नाही.

हे सगळं बिभीषणला माहीत नव्हतं. ती व्यायामाला जाते एवढंच त्याला ठाऊक. गजीचं नाव त्याच्यापुढं काढायची तिची छाती झाली नाही. ‘आपल्यात बायका नाचत न्हाईत’ याची तिला तेवढी भीती नव्हती. ज्याची गजी गेली त्याच्यापुढं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं, की ती मला मिळाली?

आणि आता तपासणीचा दिवस आला होता. ब्लाउज सैल झाला होता. कारखान्याचा जिना चढताना धाप लागत नव्हती. साखर उतरली असणार हे कळायला रक्त काढायची गरजच नव्हती. साखर उतरली की बंद. आठवडाभर तिच्या डोक्यात हे एकच वाक्य फिरत होतं. दुसरा मार्ग दिसेना, तेव्हा तिची नजर गुळाच्या डब्याकडं गेली.

सकाळी रक्त दिलं. संध्याकाळी पाचला दोघं डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात बसली.

“तानाबाई, उपाशीपोटी साखर एकशे शहात्तर आहे.”

तानाबाईनं सुटकेचा श्वास घेतला आणि तेवढ्यात तिला बिभीषणचा चेहरा दिसला. तो पार उतरला होता.

“आसं कसं?” तो म्हणाला. “पाच म्हैनं जातीया की ही. एक दिस चुकवला न्हाय. पानी सुटायच्या दिवशीबी गेलीया. मग आजून काय करायचं तिनं?”

तो आपल्यासाठी डॉक्टरशी भांडतोय हे बघून तानाबाईला पोटातला गूळ जड झाला.

“थांबा, घाबरू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हा दुसरा कागद बघा. यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते. ती पावणेआठ होती, आता सहावर आली आहे. फार छान. म्हणजे तीन महिने साखर जागेवर आणि नेमकी आज सकाळी भडकली.” त्यांनी चष्मा काढला. “सकाळी काय खाल्लंत?”

तीन महिन्यांचा हिशेब रक्तात असा राहतो, हे तानाबाईला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“कायबी न्हाय.”

“तानाबाई.”

“गूळ,” ती पदराला म्हणाली.

“किती?”

“तीन खडं. दोन बारकं हुतं.”

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. हसणं आवरेना म्हणून त्या ग्लासभर पाणी प्यायल्या. “वीस वर्षं दवाखाना चालवतेय. साखर लपवणारे रोज येतात. मुद्दाम वाढवून आणणारं आज पहिल्यांदा आलं. का पण?”

तानाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बिभीषण तिच्याकडं बघत होता.

“बरं, नका सांगू. गोळी अर्धी करते. व्यायाम मात्र सोडायचा नाही हं. तुम्ही सोडला, की सहा महिन्यांत साखर होती तिथं येऊन बसेल. हा आता कायमचा.”

कायमचा! म्हणजे गूळ खायची काही गरजच नव्हती. नुसतं विचारलं असतं तरी भागलं असतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तानाबाईला हलकं हलकं वाटत होतं. सुटली. आता बिभीषण काही म्हणू शकत नव्हता, डॉक्टरनंच सांगितलं होतं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

बसथांब्यावर दोघं टेकली. बिभीषण आखडलेला पाय पुढं पसरून बसला. बस यायचं चिन्ह नव्हतं.

“गूळ का खाल्लास?” त्यानं विचारलं.

“तोंड आंबलं हुतं.”

“तानाबाय, तेहतीस वरसं संसार केलाय आपन. तुला गूळ आवडत न्हाय. पुरणपोळीतबी साखर घालतीस तू.”

ती रस्त्याकडं बघत राहिली. एक रिक्षा थांबली, यांनी हात केला नाही म्हणून निघून गेली.

“तुमी म्हनला हुता, साखर उतरली की बंद.”

“म्हनलो हुतो.”

“मला बंद करायचं नव्हतं.”

बिभीषणनं आखडलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, “आनि आज डॉक्टरनं बंद कर म्हनलं आसतं तर?”

इथं तानाबाईला सहज सुटता आलं असतं. डॉक्टरचं म्हणणं हातात होतंच. पण नवऱ्यानं सरळ विचारलं होतं आणि सकाळपासूनच्या लबाडीचा तिला आता कंटाळा आला होता.

“तरी गेले आसते,” ती म्हणाली. “साखरंचं न्हाई वो. मला आवडतंय. लई आवडतंय. आनि दुसरं येक सांगायचंय. आमी तितं रविवारी गजी खेळतो.”

“कोन आमी?”

“सगळ्या बायका. म्होरं मी आसते.”

बिभीषणनं मान वळवून तिच्याकडं पूर्ण बघितलं. तानाबाईनं दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरली. तो चिडला असता तर तिला सोसलं असतं. तो दुखावला जाईल याचीच तिला भीती होती.

“ढोल कोन वाजवतंय?”

“मोबाईलवर लावती ती पोरगी.”

“मोबाईलवर गजी!” त्यानं तोंड वाकडं केलं. “आनि पावलं कुनी शिकवली तुला?”

“तुमी.”

“मी? मी कवा शिकवली?”

“सतरा वरसं जत्रंत बघत हुते की. दुसरं कुनाकडं बघायची व्हय मी?”

बिभीषणनं उगाच खिसा चाचपला. बस आली, तिनं त्याला दंडाला धरून चढवलं, आणि घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. तानाबाईला वाटलं, संपलं. आता हा जेवणार नाही.

घरी आल्यावर तो आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. ती भाकरीचं पीठ घ्यायला वळली.

“ऱ्हाऊ दे ते,” तो म्हणाला. “दाव.”

“काय दावू?”

“पावलं. मोबाईलवर नाचतीस म्हनं. बघू तरी काय वाट लावलीया.”

तानाबाईचे कान गरम झाले. पन्नास बायकांपुढं न लाजणारी बाई एका माणसापुढं लाजली. तिनं पदर खोचला, दोरीवरचा केशरी नॅपकिन ओढला आणि दाराशी उभी राहून सुरुवात केली. दोन पावलं पुढं, एक मागं, गिरकी.

“थांब. हात पडतोय.”

“कुटं?”

“गिरकी घेताना उजवा हात खाली येतोय. रुमाल ताठ ऱ्हायला पायजे. परत.”

तिनं परत केलं.

“न्हाय, न्हाय. आगं, खांद्यातनं...” तो खुर्चीचे हात धरून उठायला गेला. अर्धा उठला, डावा पाय जमिनीत रोवला, उजवा तसाच समोर ताठ राहिला. तो तसा क्षणभर अडकला. तानाबाई धावली नाही. धावू नये हे तिला कळलं. तो हळूच परत खाली बसला आणि दम खाल्ला.

“खांद्यातनं फिरीव,” तो शांतपणे म्हणाला. “कोपरातनं नगं.”

तिनं खांद्यातून फिरवला. कापड हवेत ताठ उभं राहिलं.

“हां! ही गजी.”

त्याच्या आवाजात आनंद होता. खोटा, बळंच आणलेला नव्हे. सोळा वर्षांत असा आवाज तिनं ऐकला नव्हता, आणि तिच्या छातीवरचं इतक्या महिन्यांचं ओझं खाली उतरलं. तिचे डोळे भरून आले. ते त्याला दिसले. त्यानं हात लांब करून शेजारचा पिठाचा डबा ओढला, मांडीवर आडवा घेतला आणि दोन्ही तळव्यांनी ठेका धरला. आधी संथ. बोटं जरा चाचपडली, मग त्यांना सापडलं.

“रिंगण धर,” तो म्हणाला.

“हितं? हितं कुटं जागा हाय?”

खोली दहा बाय बाराची. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला ओटा. गोल फिरता येईल एवढी जागा एकच होती, त्याच्या खुर्चीभोवतीची. तानाबाई तिथून निघाली. पलंगाकडून वळली, त्याच्या पाठीमागून गेली, ओट्याला कंबर घासत पुढं आली.

बिभीषणनं ठेका न सोडता एक हात खाली घातला, आपला ताठ पाय विजारीला धरून उचलला आणि बाजूला ओढून घेतला, तिच्या वाटेत यायला नको म्हणून.